रझाकारांची गोष्ट आपण कशी सांगतो?

दिवाळीच्या अंकात रझाकारांचे नाव काढणे पुष्कळांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. चकलीचा तुकडा तोंडात टाकून निवांतपणे पान उलटावे आणि समोर जाळपोळ, लुटालूट यावी, हे सणासुदीला शोभत नाही, असे आमच्या घरीही मला बजावण्यात आले. पण माझी अडचण अशी की, आमच्या घरात ही गोष्ट दिवाळीतच सांगितली जात असे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, फराळ झाला, आणि पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओटीवर ऊन आले, की आजी आपल्या माहेरची गोष्ट काढी. थंडीच्या तोंडावर गाद्या-रजया नव्याने भरून येत. त्या नव्या पिंजलेल्या कापसाचा वास आला की तिला तिच्या गावचा पिंजारी आठवे, आणि पिंजाऱ्यामागून सारे अठ्ठेचाळीस साल आठवे.

आजीचे गाव वैजापूर तालुक्यात. येवल्याच्या पुढे नगरसूल आणि नगरसूलच्या पुढे रोटेगाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या एकाच लोहमार्गावरची ही जवळजवळची स्थानके. पण १९४८ साली त्यांतले नगरसूल स्वतंत्र हिंदुस्थानात होते आणि रोटेगाव निजामाच्या राज्यात. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रात्री आजी, तिची लेकरे आणि तिची सासू अशी चौघे बैलगाडीत कडब्याखाली दडून सरहद्द ओलांडून आली. गाडी हाकीत होता गावचा पिंजारी. तो मुसलमान. त्याचा थोरला मुलगा दोन महिन्यांपूर्वीच खाकी कपडे घालून रझाकारांत गेलेला. बापाने शेजाऱ्यांना वाचवावे आणि मुलाने त्यांच्याच दारावर भाला आपटावा, असा तो काळ होता. सरहद्दीच्या ओढ्याशी पिंजाऱ्याने गाडी थांबवली, "आता भिऊ नका, बाई," एवढेच म्हटले, आणि तो मागे फिरला. आजी ही गोष्ट सांगून झाली की दोन्ही हात जोडी, आणि शेवटी म्हणे, "मग सप्टेंबरात आपली पलटण आली, अन् सुटलो बाई एकदाचे!"

गोष्ट इथे संपे. आम्ही मुले करंज्यांकडे वळत असू.

मी इतिहासकार नव्हे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा एक जुना वर्गणीदार, एवढीच माझी पात्रता. १८४० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयातून मी गेल्या अनेक वर्षांत हैदराबादच्या मुक्तिलढ्यावरची हाती लागतील ती पुस्तके घरी आणली. प्रत्येक पुस्तक वाचताना मनात आजीची गोष्ट असे, आणि प्रत्येक वेळी मी शोधीत असे तो खाकीतला मुलगा आणि तो गाडीवान बाप. या शोधातून माझ्या मनात हळूहळू तीन कसोट्या तयार झाल्या. रझाकारांविषयी लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: हा माणूस आला कोठून, त्याच्याच समाजातून त्याला कोणी विरोध केला, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर काय झाले. मराठी लेखनाला या कसोट्या लावून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली कसोटी उगमाची. 'रझाकार' हा शब्द आपल्याकडे आता शिवीसारखा वापरला जातो. एखादा माणूस अरेरावी करू लागला की "ही काय रझाकारी लावलीय?" असे मराठवाड्यात सहज म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ मात्र अगदी निरुपद्रवी आहे. रझा म्हणजे मर्जी. स्वतःच्या मर्जीने काम करणारा, म्हणजे स्वयंसेवक. मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना हैदराबादेत १९२७ साली निघाली, ती धार्मिक आणि सामाजिक एकजुटीच्या नावाने. तिला राजकीय धार आणली ती नवाब बहादूर यार जंग यांनी. हा माणूस विलक्षण होता. उर्दूचा असा वक्ता त्या काळी दक्षिणेत दुसरा नव्हता, असे त्याचे विरोधकही सांगत. आपली जहागीर आणि किताब यांवर त्याने पाणी सोडले. त्याची शिकवण थोडक्यात अशी की, या राज्याचे सार्वभौमत्व निजाम नावाच्या व्यक्तीकडे नसून संस्थानातल्या मुसलमान समाजाकडे आहे. निजाम हे केवळ त्याचे प्रतीक. प्रत्येक मुसलमान हा जणू राजाच!

साहित्याचा वाचक म्हणून मला येथे थबकावेसे वाटते. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानाची वस्ती १ कोटी ६३ लाख, आणि त्यांत मुसलमान शेकडा तेराच्या आसपास. सरकारी नोकऱ्या, पोलीस आणि फौज यांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या कितीतरी पट. पण खेड्यांतला मुसलमान कोण होता? पिंजारी, विणकर, खाटीक, फार तर चौकीवरचा शिपाई. ज्याच्या घरी दुसऱ्या वेळच्या भाकरीची भ्रांत, त्याच्या डोक्यावर एका वक्त्याने शब्दांचा मुकुट ठेवला. मुकुट खोटा होता, पण तो घातल्यावर वाटणारा अभिमान खरा होता. पुढे १९४७ साली त्याला सांगण्यात आले की, तुझा हा मुकुट आता दिल्लीवाले हिसकावून घेणार. शेजारच्या प्रांतांतल्या दंग्यांच्या बातम्या येत होत्या, निर्वासित येत होते. अभिमानात भीती मिसळली, आणि त्या मिश्रणातून तलवार बाहेर आली. आजीच्या गावचा तो मुलगा जन्माने राक्षस नव्हता. तो कापूस पिंजणाऱ्याचा पोर होता आणि त्याला कोणी तरी राजा म्हटले होते.

बहादूर यार जंग १९४४ साली, वयाच्या चाळिशीच्या आतच, अकस्मात वारले. दोन वर्षांनी मजलिसची सूत्रे आली ती कासीम रझवी यांच्या हाती. आपण मराठी माणसांनी हे विसरू नये की, रझवी हा कोणी दूर गोवळकोंड्यातला सरदार नव्हता. अलीगढला शिकून आलेला तो आपल्या लातूरचा वकील. लातूरच्या कचेरीत त्याच्यासमोर उभे राहून काम चालवणारे मराठी वकील होते, त्याच्याकडे कागद घेऊन जाणारे मराठी पक्षकार होते. बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील आणि लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, अशी त्याची भाषणे ऐकून दिल्लीत लोक हसले. मराठवाड्यातल्या खेड्यांत कोणी हसले नाही.

कारण भाषणामागून माणसे येत. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे मजलिसच्या जमावाने दिवाण छत्तारीचे नवाब आणि वाटाघाटींच्या शिष्टमंडळातील इतरांच्या घरांना वेढा घातला. दिल्लीस निघालेले शिष्टमंडळ घरातच अडकले. राज्याच्या दिवाणाला राज्याचे पोलीस सोडवू शकले नाहीत, की सोडवू इच्छीत नव्हते? निजामाने शिष्टमंडळच बदलले. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला, मीर लायक अली दिवाण झाले, आणि तेथून पुढे सरकारी फौज व रझाकार यांच्यांतली रेषा पुसट होत गेली. भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका. मागाहून काही आधुनिक शस्त्रे. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून चोरटी शस्त्रे उतरवीत होता. खेड्यांत रझाकारांची टोळी आली की बहुधा पोलीस मागे उभे असत. धान्य, पैसा आणि अब्रू, तिन्हींची लूट झाली. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड आजही त्या भागात घरोघर सांगितले जाते. इकडे संस्थानातले तरुण सरहद्दीवरच्या छावण्यांतून, आपल्या मनमाडसारख्या ठिकाणांहूनही, नाक्यांवर हल्ले चढवीत होते. तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध बंदूक उचलली होती. एका राज्यात एकाच वेळी तीन लढाया चालू होत्या. याला यादवी म्हणावयाचे नाही तर कशाला?

आता या कसोटीवर आपली पुस्तके पाहू. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा १९८७ साली आलेला ग्रंथ मी या विषयावरचा मराठीतला पायाभूत ग्रंथ मानतो. भालेराव स्वतः त्या लढ्यातले, पुढे 'मराठवाडा' पत्राचे संपादक. लढणाऱ्याने लिहिलेल्या इतिहासात जी ऊब असते ती त्यात आहे. पण लढणाऱ्याला शत्रू दिसतो तो समोरून, हातात शस्त्र घेतलेला. तो घरातून निघताना आईशी काय बोलून निघाला, हे समोरच्या मोर्चावरून दिसत नाही. भालेरावांना मी याचा दोष देत नाही; त्यांच्या जागी उभा असतो तर मलाही ते दिसले नसते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजीतून लिहिलेल्या, १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींचीही हीच मर्यादा. आणि तेथे तर आणखी एक कारण आहे. रझाकारांच्या अत्याचारांचे सर्वांत वाईट महिने स्वामीजींनी तुरुंगाच्या भिंतींआड काढले.

नरहर कुरुंदकरांची गोष्ट वेगळी. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. पाहण्याइतके मोठे, पण पदाधिकारी होण्याइतके नव्हे. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' यासारख्या लेखनातून ते घटनेच्या मागे जातात. निजामाला ते रझाकारांच्या हातचे बाहुले मानावयास तयार नाहीत. स्वतंत्र राज्याची आकांक्षा निजामाची स्वतःची होती, आणि मजलिस हे त्याच्या पटावरचे एक प्यादे होते, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. मला हे मोलाचे वाटते. कारण २३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने नभोवाणीवरून भाषण करून सारे पाप एका लहानशा गटाच्या माथी मारले. त्या गटाने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले होते, असे सांगितले. प्यादे मेले आणि खेळणारा राजप्रमुख झाला! कुरुंदकरांची तर्कशुद्धता या सफाईला भुलत नाही. पण त्यांची नजर पटावर आहे. प्याद्याच्या मनात काय होते, हा त्यांचा प्रश्न नव्हे.

तो प्रश्न खरे म्हणजे ललित लेखकाचा. आणि येथे मला आपल्या साहित्याविषयी तक्रार करावयाची आहे. निजामाच्या अमलाखाली परभणीत राहून लिहिणारे बी. रघुनाथ १९५३ साली चाळिशीतच गेले. त्या राज्यातल्या सामान्य माणसाचा कोंडमारा जाणणारी ती लेखणी फार लवकर थांबली. त्यानंतर आमच्या कथा-कादंबऱ्यांतला आणि नाटक-सिनेमांतला रझाकार मला बहुधा एकाच साच्यातून काढलेला भेटला: सुरमा, दाढी, तलवार आणि विकट हास्य. रामलीलेतल्या रावणासारखा. असा खलपुरुष द्वेषाला सोपा असतो; पण त्याच्यापासून शिकण्यासारखे काही उरत नाही. उलट वाचकाची अशी समजूत होते की, दाढी आणि सुरमा नसला म्हणजे रझाकार नाही. वर्दीचा रंग बदलला, घोषणा बदलली, तर त्याला ओळखावयाचे कसे? तीच तर ही गोष्ट सांगण्याची गरज आहे.

या शब्दाचा प्रवासही हेच सांगतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात लष्कराला मदत करणाऱ्या स्थानिक सशस्त्र पथकांना हेच नाव देण्यात आले. तेथे मारणारेही मुसलमान होते आणि मरणाऱ्यांतलेही बहुसंख्य मुसलमान. २०२४ साली ढाक्यात विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला 'रझाकारांची नातवंडे' हा शब्द लागला आणि वणवा पेटला. त्या वर्षी तेथले सरकार कोसळले. अर्ध्या शतकानंतरही हा शब्द एवढा ज्वालाग्राही राहतो, याचे कारण त्यात बाहेरच्या शत्रूचा नव्हे, तर घरभेद्याचा अर्थ साठला आहे.

दुसरी कसोटी विरोधाची. रझाकारांच्या विरोधात हैदराबादचे मुसलमान बोलले काय? बोलले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ऑगस्ट १९४८ मध्ये बाकर अली मिर्झा आदी सात मुसलमान गृहस्थांनी एक पत्रक काढून रझाकार बरखास्त करा आणि हिंदुस्थानात सामील व्हा, असे निजामाला उघडपणे सांगितले. त्या सातांत फरीद मिर्झा होते. हे नांदेड जिल्ह्यातले तहसीलदार. आपल्या अमलाखालच्या मुलखात रझाकार काय करीत आहेत हे पाहून त्यांनी वरिष्ठांना लिहिले, आणि काही होत नाही असे पाहून नोकरीचा राजीनामा दिला. सरकारी चाकरीतल्या माणसाला हे धैर्य किती जड जाते, हे ज्याने चाकरी केली आहे त्याला सांगावयास नको. 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते पत्रक छापले आणि रझाकारांवर लेखणी चालवली. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. पोलीस ॲक्शनला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

शोएबुल्ला खानांचे नाव आपल्याकडे घेतले जाते, नाही असे नाही. पण ते कसे घेतले जाते? सतरा सप्टेंबरच्या भाषणात, शेवटच्या परिच्छेदात, "मुसलमानांतही काही चांगले लोक होते" या वाक्यापुढे उदाहरण म्हणून. फरीद मिर्झांचे नाव तर नाशिककडच्या वाचकांपैकी किती जणांनी ऐकले असेल? त्यांनी १९७६ साली पोलीस ॲक्शनच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवर इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. ज्या जिल्ह्यात ते घडले तो जिल्हा मराठी, ज्यांच्यासाठी त्यांनी नोकरी सोडली ती माणसे मराठी. मग त्यांचे पुस्तक आपल्या घरोघर का नसावे? माझ्या मते ही माणसे उदाहरणापुरती नाहीत. त्यांच्यामुळे इतिहासाचा अर्थच बदलतो. ती माणसे कथेच्या मध्यभागी आणली की हा झगडा दोन धर्मांतला राहत नाही; तो हुकूमशाही आणि शहाणपण यांच्यातला होतो. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या सनदी नोकरीत होते आणि उर्दूत मुरलेले होते. १९६९ सालचे त्यांचे 'जीवनसेतू' वाचताना मला नेहमी वाटते की, त्या भाषेच्या आतून ते राज्य पाहणारा असा मराठी डोळा विरळा. आपल्या पिढीने उर्दूकडे पाठ फिरवली तशी या माणसांकडेही पाठ फिरली. शोएबुल्ला खानांची लेखणी उर्दूतच तर चालत होती.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून नळदुर्ग घेतला, आमच्या बाजूने तेव्हाचे औरंगाबाद आणि जालना घेतले, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत सारे आटोपले. ही सुटका खरी होती. आजीसारख्या लाखो माणसांनी त्या दिवशी मोकळा श्वास घेतला, आणि १७ सप्टेंबरचा झेंडा मराठवाड्यात ज्या अभिमानाने चढतो त्याला कोणाचीही हरकत असू नये. पुढे रझवीवर खटले चालले, त्याला शिक्षा झाली. १९५७ साली सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत मेला. जाताना मजलिस त्याने अब्दुल वाहिद ओवेसी यांच्या हवाली केली आणि ती भारतीय राज्यघटनेच्या चौकटीत निवडणुकांचे राजकारण करू लागली. लायक अली १९५० साली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. त्यांनी १९६२ साली लिहिलेल्या पुस्तकात हिंदुस्थानच्या विश्वासघाताची कैफियत आहे, रझाकारांनी नाडलेल्या खेड्यांची नाही. म्हणजे तिसऱ्या सोडाच, माझ्या पहिल्या कसोटीलाही ते पुस्तक उतरत नाही.

पण त्या पाच दिवसांनंतरच्या आठवड्यांचे काय? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिसरी यांना पंडित नेहरूंच्या इच्छेवरून हैदराबादेत पाठवण्यात आले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांनी अंदाज दिला. ती बहुतेक मुसलमान होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. रझवीचे लातूर त्यातच आले. सरदार पटेलांना तो अहवाल मान्य नव्हता, सरकारने तो प्रसिद्ध केला नाही, आणि सर्वसामान्य अभ्यासकाला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहावयास मिळाला तो २०१३ साली. आकड्यावर मतभेद होऊ शकतात, झालेही आहेत. पण रझाकारांनी जे केले त्याचा सूड रझाकारांवर नव्हे, तर सापडेल त्या मुसलमानावर उगवला गेला, ही गोष्ट आकड्यावर अवलंबून नाही.

२०२४ साली तेलुगूत रझाकारांवर एक चित्रपट आला. त्याच्या नावातच 'मूक नरसंहार' असे शब्द होते. मूक राहिलेले दुःख बोलके करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. माझे म्हणणे एवढेच की, त्या वर्षात दोन मौने होती, आणि त्यांतले एक पासष्ट वर्षे सरकारी कपाटात होते. एक मौन फोडून दुसऱ्यावर कुलूप घालणारी कलाकृती अर्धी राहते. मग ती कोणत्याही बाजूची असो.

आणि त्या अहवालात केवळ अंधार नाही. वाचता वाचता मी एका नोंदीपाशी थांबलो. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना हल्लेखोरांपासून वाचवले, आणि ते करताना प्रसंगी स्वतःचे प्राणही वेचले, असे तिघांनी नमूद केले आहे. एका मागाचे धागे ओढणाऱ्यांचे नाते धर्माच्या हाकेहून बळकट ठरले. आमच्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी आणि मालेगावचे माग पाहिलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. पण डोळे मात्र भरून येतील.

आता मला घराकडे वळले पाहिजे. इतरांच्या पुस्तकांना तीन कसोट्या लावणाऱ्याने आपल्या आजीची गोष्ट सोडून कसे चालेल? आजीची गोष्ट पहिल्या कसोटीला उतरते. खाकीतला मुलगा कोणाचा कोण, हे तिने कधी लपवले नाही. दुसरीलाही उतरते, गाडी हाकणाऱ्या बापाला ती दर दिवाळीला हात जोडी. पण तिसरी? तिची गोष्ट पलटणीपाशी संपे. मी कॉलेजात असताना एका दिवाळीला तिला विचारले, "आजी, तुम्ही पुढे गावी परत गेलात ना? मग त्या पिंजाऱ्याचे काय झाले?"

ती वाती वळीत होती. बराच वेळ तिने उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "गेलो होतो थंडीत. त्याच्या घराला कुलूप नव्हतं. दारच नव्हतं, तर कुलूप कुठलं?"

"कोणाला विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर कोणी तरी सांगितलं असतं. तेच नको होतं."

त्यानंतर तिने ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य मलाही झाले नाही. आज वाटते, मराठीतल्या हैदराबादविषयक लेखनाची सारी थोरवी आणि सारी उणीव माझ्या आजीच्या त्या दोन वाक्यांत होती. आपण कृतघ्न नाही. आपण खोटेही सांगत नाही. आपण फक्त त्या दारापाशी जाऊन विचारलेले नाही.

ते विचारण्याचे काम आता पुढच्या लेखकाचे आहे. तो मराठवाड्यातला असेल तर फारच उत्तम. त्याने भालेरावांकडून लढ्याची ऊब घ्यावी, कुरुंदकरांकडून निर्भय तर्क घ्यावा, पगडींकडून उर्दू शिकावी, फरीद मिर्झांना त्यांच्या हक्काची जागा द्यावी, आणि पिंजाऱ्याच्या त्या थोरल्या मुलाला एकदा तरी घरातून निघताना दाखवावे. तसे पुस्तक आले तर ते कदाचित दिवाळीच्या मुहूर्तावर खपणार नाही. पण मी मात्र वाचनालयात त्याच्यासाठी पहिल्या दिवशीच नाव नोंदवून ठेवीन.

आमच्याकडे गाद्या आता दुकानातून तयार येतात. तरीही रूपचतुर्दशीच्या सकाळी, ओटीवर ऊन आले की, मी नातवंडांना ती गोष्ट सांगतो. कडब्याखालची चौघे, ओढा, "आता भिऊ नका, बाई", सगळे सांगतो. शेवट मात्र आजीसारखा करीत नाही. पलटण आली, आपण सुटलो, असे सांगतो, आणि मग ते दार नसलेले घरही सांगतो. मुले क्षणभर गप्प होतात. एखादे विचारते, "मग तो गाडीवाला?" मी म्हणतो, "ते आपल्याला शोधायचं राहिलंय." त्यावर ती करंज्यांकडे वळतात, पण जरा उशिरा वळतात, एवढा फरक मला दिसतो.